आडात आहे, पोहऱ्यात का नाही?

आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, अशी म्हण आपल्याकडे आहे. छत्रपती संभाजीनगरने ती उलटी करून दाखविली आहे. २०२५ च्या सप्टेंबरात येथला आड असा भरला की, जायकवाडीचे दरवाजे उघडून गोदावरीच्या पात्रात प्रचंड विसर्ग सोडावा लागला आणि पैठणच्या सखल भागांतील कुटुंबांना सुरक्षित स्थळी हलवावे लागले. त्याच नाथसागरापासून सुमारे पन्नास किलोमीटरांवर वसलेल्या या शहरात मात्र नळाला पाणी येण्याचा दिवस सणावारासारखा मोजला जातो. पाच दिवसांआड, आठ दिवसांआड, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा, असे येथील नळाचे पंचांग गेली कित्येक वर्षे चालत आले आहे. तेव्हा हा दोष पावसाच्या माथी मारता येणार नाही. आड आणि पोहरा यांच्यामध्ये जो दोर असतो तो येथे तुटलेला आहे आणि त्या दोरालाच नगराचा कारभार असे म्हणतात.

हा प्रश्न आज मांडण्यास विशेष कारण आहे. शहराच्या उद्योगभाग्याचा उदय झाल्याची ग्वाही आपण सर्वजण एकमेकांस देत आहोत. शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे दहा हजार एकरांवर ऑरिक ही उद्योगनगरी उभी राहत आहे. २०१९ च्या सप्टेंबरात पंतप्रधानांच्या हस्ते तेथील मुख्य इमारतीचे उद्घाटन झाले. २०२४ च्या जुलैमध्ये टोयोटा किर्लोस्कर कंपनीने सुमारे वीस हजार कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचा सामंजस्य करार राज्य शासनाशी केला. या वार्तांचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना आला तेव्हा या भागाचे अर्थजीवन कसे पालटले, हे आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले आहे. परंतु कारखाना जमिनीवर उभा राहिला तरी तो चालतो माणसांवर, आणि माणसांना घर लागते. ऑरिकचा कारभार स्वतंत्र कंपनीकडे आहे. तेथील भूखंडाला रस्ता, वीज व पाणी यांची आखीव व्यवस्था आहे. त्या भूखंडावर राबणारा कामगार आणि त्याला काम सांगणारा अभियंता संध्याकाळी ज्या शहरात परततात, तेथे त्यांच्या घरातील बाई टँकरची वाट पाहत उभी असते. नळाच्या दिवशी ज्याला रजा काढावी लागते तो कामगार या शहरात रमणार कसा? आणि मुलाबाळांसह येथे बिऱ्हाड करण्याऐवजी पुण्याची वाट धरणाऱ्या अभियंत्याला दोष तरी कोणी द्यावा? नगरांची स्पर्धा करारपत्रांवरील सह्यांनी सुरू होत असली, तरी तिचा निकाल स्वयंपाकघरातील नळाशी लागतो.

पाण्याचा हिशेब अवघड आहे असेही नाही. शाळेतील मुलगासुद्धा तो करू शकेल. जायकवाडीचा उपयुक्त साठा सुमारे ७६ अब्ज घनफूट आहे. नव्या योजनेत शहरासाठी नक्षत्रवाडी येथे दररोज ३९२ दशलक्ष लिटर पाणी शुद्ध करण्याची सोय धरलेली आहे. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस एवढे पाणी उचलले, तरी त्याची बेरीज सुमारे पाच अब्ज घनफूट होते. म्हणजे भरलेल्या धरणाच्या उपयुक्त साठ्याचा हा पंधरावा हिस्सा होय. शेतीचा, उद्योगांचा आणि खालच्या गावांचा हक्क पूर्णपणे मान्य करूनही, शहराला एवढे पाणी देता येत नाही असे कोणी म्हणू शकणार नाही.

मग घोडे अडले कोठे? या धरणाची पायाभरणी १९६५ च्या ऑक्टोबरात लालबहादूर शास्त्री यांनी केली आणि १९७६ च्या फेब्रुवारीत इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. म्हणजे धरण बांधण्यास सुमारे दहा वर्षे लागली. त्या धरणातून शहरापर्यंत पुरेशी मोठी नळवाहिनी आणण्याचे काम त्याहून लांबले आहे! सातशे मिलिमीटर व्यासाची जुनी वाहिनी आणि तिच्यानंतरची बाराशे मिलिमीटरची, या दोहोंवर शहर वर्षानुवर्षे तग धरून राहिले. १९८२ च्या डिसेंबरात येथे महानगरपालिका आली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेबारा लाखांवर पोहोचली. दरम्यान ७९२ कोटींची समांतर जलवाहिनीची योजना गाजत राहिली. २०१४ साली पाणीपुरवठा खाजगी कंपनीकडे सोपविण्यात आला आणि २०१६ साली तो करार मोडण्यात आला. हाती वाद राहिला, वाहिनी नाही. त्यानंतर १६८० कोटींची नवी योजना मंजूर होऊन २०२० च्या डिसेंबरात तिचे भूमिपूजन झाले. पुढे तिचा खर्च २७४० कोटींवर गेला आणि मूळ मुदत उलटून गेली. या विलंबाची वाढीव किंमत कोणत्या ना कोणत्या तिजोरीतून नागरिकच भरणार आहेत.

आमच्या मते या दिरंगाईचे मूळ एका म्हणीत सापडते: बारभाईंची शेती, काय लागेल हाती! योजना बांधावयाची महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाने, पाणी वाटावयाचे महानगरपालिकेने, ज्या रस्त्याच्या कडेने वाहिनी यावयाची त्याची मालकी तिसऱ्याची आणि पंपांना वीज द्यावयाची चौथ्याने. शहराच्या अंगणात छावणी परिषद वेगळी, औद्योगिक विकास महामंडळ वेगळे, ऑरिक वेगळी आणि भोवतालच्या गावांसाठी महानगर प्रदेश विकास प्राधिकरण वेगळे. प्रत्येकाजवळ अधिकाराचा एकेक तुकडा आहे, आणि विचारले असता प्रत्येकजण शेजाऱ्याकडे बोट दाखवू शकतो. शेवटी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला या कामावर देखरेख करावी लागली. न्यायालयाने नागरिकांची कड घेतली, याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. परंतु किती नळ जोडले आणि किती टाक्या झाल्या याची मोजदाद न्यायासनापुढे व्हावी, ही कारभाराला भूषणावह गोष्ट खचित नव्हे.

याच काळात जाब विचारण्याचे हक्काचे ठिकाणही बंद होते. महानगरपालिकेची मुदत २०२० च्या एप्रिलमध्ये संपली आणि २०२६ च्या १५ जानेवारीस मतदान होईपर्यंत, म्हणजे साडेपाच वर्षांहून अधिक काळ, शहर प्रशासकाच्या हाती राहिले. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे, असे संविधानाच्या २४३-यू या अनुच्छेदात स्पष्ट लिहिलेले असताना हे घडले. तथापि एक गोष्ट प्रांजळपणे बोलली पाहिजे. २०१८ च्या फेब्रुवारीत नारेगावच्या ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडविल्या, शहरभर कचऱ्याचे ढीग साचले आणि मार्चमध्ये मिटमिट्यात दगडफेकीपर्यंत पाळी आली, तेव्हा सभागृह लोकनियुक्तच होते. तीन दशकांहून अधिक काळ एका गावाच्या नाकाशी शहराची घाण ओतली जात असताना त्या सभागृहाला पर्याय सुचला नव्हता. तेव्हा निवडणूक झाली म्हणजे कारभार सुधारला, असे समजण्याचा भाबडेपणा आम्ही करणार नाही.

कारभार पैशावाचून चालत नाही, हेही खरे. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर गेला आणि २०१७ पासून वस्तू व सेवा कराच्या भरपाईसाठी राज्याकडे तोंड करून बसण्याची वेळ महापालिकांवर आली. अशा स्थितीत मालमत्ता कर आणि पाणीपट्टी हेच घरचे उत्पन्न. येथे २०२२ साली अर्धा इंची नळजोडणीची वार्षिक पट्टी ४०५० रुपयांवरून २०२५ रुपयांवर आणली गेली. जे पाणी आठवड्यातून एकदा येते त्याला पूर्ण दाम का द्यावा, हा नागरिकांचा सवाल बिनतोड होता. पण पाणी वाढविण्याऐवजी पट्टी घटविणे म्हणजे रोग्याला औषध न देता वैद्याचे शुल्क अर्धे करणे होय. गोदाकाठचे पाणी चढावरच्या शहरात विजेच्या जोरावर आणावे लागते. त्या विजेचे देयक कोणाच्या घोषणेने अर्धे होत नाही. जो गरीब टँकरवाल्याला रोख मोजतो, तो त्या पट्टीहून किती अधिक देतो, याचा हिशेब कोणी मांडला आहे काय?

चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरने खडकी वसविली, तेव्हा डोंगरातील पाणी जमिनीखालच्या नहरीने केवळ उताराच्या बळावर शहरात खेळविले. त्या काळाचे गोडवे गाण्यासाठी आम्ही हे स्मरण करीत नाही. पावणेबारा लाखांहून अधिक वस्तीचे शहर नहरींवर जगणार नाही. पण आधी पाणी, मग वस्ती, हा त्यातील क्रम आपण विसरलो. गुंठेवारीने आधी घरे झाली, मग मते झाली, मग नियमितीकरणाचे कायदे झाले आणि नळ सर्वांच्या शेवटी राहिला.

यास्तव नव्या सभागृहापुढे आमच्या मागण्या थोडक्या आहेत. कोणत्या वॉर्डाला कोणत्या दिवशी किती वेळ पाणी येणार, याचे वेळापत्रक दर महिन्यास प्रसिद्ध व्हावे आणि ते चुकल्यास जबाबदार अधिकाऱ्याचे नाव त्याच कागदावर असावे. धरणापासून टाकीपर्यंत आणि टाकीपासून घरापर्यंत मापके बसवून, किती पाणी निघाले, किती पोहोचले आणि वाटेत किती मुरले, याचा जमाखर्च दर वर्षी सभागृहापुढे ठेवावा. हौदाला गळती किती हे ठाऊक नसताना तोट्या वाढविण्याने हौद भरत नाही. पट्टी वाढवावयाची असेल तर पाणी वाढल्यानंतरच, आणि ती वापराच्या मापाने. शेवटी, या बारभाईंच्या शेतीला एक धनी असावा. पाण्याविषयी नागरिकाने एकाच दारात जावे आणि तेथून त्याला दुसऱ्या दारी पाठविले जाऊ नये, अशी व्यवस्था राज्य शासनाने करून द्यावी.

नव्या नगरसेवकांना आम्ही एवढेच सांगू इच्छितो की, स्वागताच्या कमानी उभारण्यास पुष्कळ वेळ आहे. पाच वर्षांनी मतदार त्यांच्या भाषणांची वही उघडणार नाही. तो तोटी उघडून पाहील.