गावाचं नाव ‘धुळघाट रेल्वे’, मग रेल्वे कुठं गेली?



धारणी तालुक्यात एक गाव आहे. सरकारी कागदावर त्याचं नाव ‘धुळघाट रेल्वे’. गावाच्या नावात रेल्वे आहे, गावात गाडी मात्र नाही. २०१७ च्या सुरुवातीला अकोला-खंडवा लाईन बंद झाली. तेव्हा सांगितलं काय? छोटे रूळ काढून मोठे टाकायचे आहेत, थोडा दम धरा. अकोल्याहून अकोटपर्यंत मोठे रूळ पडले, २०२२ मध्ये तिथवर गाडीही धावली. अकोटच्या पुढं, जिथं आपला डोंगर लागतो, तिथं काम अडलं. आपण अजून दमच धरून बसलो आहोत.

काम का अडलं? ही लाईन मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जाते. शहरातले वन्यजीववाले म्हणाले, मोठी गाडी जंगलातून नको, वाघ मरतील. शहरातले प्रवासी संघटनावाले म्हणाले, जुनाच मार्ग पाहिजे, तो जवळचा आहे. कोर्टकचेऱ्या झाल्या. २०२१ मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहिलं, मार्ग जंगलाबाहेरून न्या. पुढं रेल्वेनंही हिवरखेड, सोनाळा, जामोदकडून वळसा घेणारा मार्ग धरला. एवढी पत्रं फिरली, एवढे नकाशे निघाले. त्यात एका तरी ग्रामसभेला कुणी विचारलं का, की बाबांनो, ही गाडी तुमच्या दारातून जात होती, तुमचं म्हणणं काय?

त्या लाईनवरून जयपूरहून येणारी मीनाक्षी एक्स्प्रेस जायची. तिच्याशी आपल्याला घेणं नव्हतं. आपली गाडी म्हणजे पॅसेंजर. मोहाची पोती, चारोळी, कोंबड्या घेऊन बाजाराला जायची तीच गाडी. अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात पोर न्यायची तीच. दिवाळीनंतर कामाला खाली उतरायची आणि होळीला घरी आणायचीही तीच. आज तोच माणूस काळीपिवळीच्या टपावर बसतो आणि मजुरीतला मोठा वाटा भाड्यात घालतो. मेळघाटातल्या कुपोषणावर दरवर्षी अहवाल निघतात, साहेब लोक येऊन फोटो काढून जातात. दवाखान्यापर्यंत जाणारी स्वस्तातली गाडी काढून घेतली, हे कोण्या अहवालात लिहिणार?

आता त्यांचं एक-एक म्हणणं बघू.

पहिलं म्हणणं, वाघाला धोका. आम्ही जंगलात राहणारी माणसं आहोत, वेगानं धावणाऱ्या गाडीखाली जनावर मरतं हे आम्हाला शिकवू नका. रात्रंदिवस मालगाड्या पळवणारी मोठी लाईन आम्हीही मागत नाही. पण मोठी गाडी नको याचा अर्थ कोणतीच गाडी नको, असा कोणी लावला? दिवसा, धिम्या चालीनं जाणारी दोन-चार डब्यांची गाडी चालू शकते. रेल्वेला ते जमतं. याच जुन्या मार्गावर, पार तिकडे महूजवळ, पातालपाणी ते कालाकुंड एवढा छोट्या रुळाचा तुकडा राखून ठेवला आणि २०१८ मध्ये तिथं सहलीची गाडी सुरू केली. धबधबा बघणाऱ्यासाठी छोटी गाडी चालते, तर बाळंतिणीला दवाखान्यात नेण्यासाठी का चालू नये? जंगल सफारीच्या जिपा आत जातात तेव्हा वाघ घाबरत नाही काय?

दुसरं म्हणणं, जंगलातली लाईन तोट्याची असते. याचं उत्तर आपल्या शेजारच्या डांगानं दिलं आहे. बिलिमोरा-वघई ही गायकवाडांच्या राज्यातली, १९१३ ची छोटी लाईन, ६३ किलोमीटरची. कोरोनात २०२० साली बंद केली आणि त्याच वर्षाच्या शेवटी रेल्वेनं लिहून टाकलं की ही आणि गुजरातमधल्या आणखी काही लाईनी कायमच्या बंद. डांगचे आदिवासी गप्प राहिले नाहीत. मागणी केली, विरोध केला. सप्टेंबर २०२१ मध्ये गाडी पुन्हा वघईला आली. कायमचं बंद म्हणून लिहिलेलं परत फिरलं, साथींनो. तोटा काय एका वर्षात संपला? तोटा तेवढाच होता, बोलणारी माणसं वाढली. रस्त्याला तोटा विचारत नाहीत, शाळेला विचारत नाहीत, मग गरिबाच्या गाडीलाच का विचारतात?

तिसरं म्हणणं, कायदा. आता नीट ऐका. २००९ मध्ये केंद्राच्या पर्यावरण खात्यानं लिहून दिलं होतं की वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर ग्रामसभेची संमती पाहिजे. २०१३ च्या फेब्रुवारीत त्याच खात्यानं पत्र काढून रस्ते, रेल्वे, कालवे, विजेच्या तारा यांना यातून सूट दिली, अति मागास आदिम जमातींचे हक्क सोडून. म्हणजे रूळ टाकताना आपल्याला विचारायचं नाही, आणि गाडी बंद करतानाही नाही. एवढ्यावर थांबत नाही. वाघाचं नाव सांगून मेळघाटातली गावं खाली अकोटकडे हलवली. वस्ती उठली की साहेब म्हणतात, इथं माणूसच नाही, गाडी कशाला? आणि गाडी नाही म्हणून उरलेला माणूसही कंटाळून उठतो. हा डाव ओळखा.

जुन्या लाईनचे भराव, पूल, कापलेले डोंगर आजही तिथंच आहेत. ती जमीन आज कोणाची, उद्या कोणाची होणार? गुपचूप व्याघ्र प्रकल्पात घालून कुंपण ठोकलं तर आपली वाट, आपलं पाणी, आपला मोह सगळं कुंपणाआड जाईल. आणि सोनाळा-जामोदकडून नवी लाईन निघेल तेव्हा तिकडच्या भिल्ल, कोरकू, निहाल बांधवांच्या शेतावर खुंट्या ठोकल्या जातील. तिकडचा आदिवासी आणि इकडचा आदिवासी यांना एकमेकांसमोर उभं करू देऊ नका.

म्हणून येत्या ग्रामसभेत हे ठराव घ्या :

१) वान रोड, धुळघाट या बाजूला दिवसा चालणारी, प्रत्येक ठेसनावर थांबणारी छोटी पॅसेंजर सुरू करा. ती होईपर्यंत त्याच गावांना, रेल्वेच्या भाड्यात, एसटी द्या.

२) जुन्या लाईनखालच्या जमिनीचा कोणताही निर्णय ग्रामसभेच्या लेखी संमतीशिवाय घेऊ नका.

३) नव्या मार्गावर वनहक्काचा दावा पडून असेल तर तो निकाली निघाल्याशिवाय जमिनीला हात लावू नका. वनहक्क कायद्याचं कलम ४(५) हेच सांगतं.

४) नवी लाईन झाली तर डोंगराच्या पायथ्याच्या गावांना पॅसेंजरचा थांबा द्या. आमच्या जमिनीवरून जाणारी आणि आम्हालाच न थांबणारी गाडी आम्ही मान्य करणार नाही.

ठरावावर सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या, बायांचे आधी. एक प्रत तहसीलला, एक रेल्वेच्या विभागीय कार्यालयाला द्या, पोच घ्या आणि ती पोच जपून ठेवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना हा अंक वाचून दाखवा.

जंगल आमचं, जमीन आमची, गाडीही आमची!

आदिवासी एकजूट जिंदाबाद!