वारशाची विटंबना कोणती?

आपल्या मंडळाच्या गेल्या बैठकीत एका तरुण सभासदाने पोवाड्याला इलेक्ट्रिक गिटारची साथ देण्याची कल्पना मांडली. ‘ही वारशाची विटंबना आहे’ असे एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले आणि विषय तेथेच संपला. त्या वेळी मी गप्प बसलो, याची खंत वाटते. म्हणून हे टिपण. हाच आक्षेप जिला सहज लागू करता येईल, अशा एका परदेशी ध्वनिमुद्रिकेचा दाखला मला द्यावयाचा आहे.

उत्तर अटलांटिक महासागरातील फेरो ही अठरा बेटे डेन्मार्कच्या राज्यात मोडतात. लोकवस्ती जेमतेम पंचावन्न हजार. आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावाइतकी. तेथील ‘टीर’ या वाद्यवृंदाने २००२ साली ‘हाउ फार टू आसगार्ड’ ही आपली पहिली ध्वनिमुद्रिका काढली. टीर हा नॉर्स पुराणातील एकहाती देव, आसगार्ड ही देवांची नगरी. संगीताचा प्रकार ‘फोक मेटल’, म्हणजे गिटारांच्या गडगडाटात गुंफलेल्या लोकधुना. आपल्या ज्येष्ठांनी पहिल्या मिनिटातच कानांवर हात ठेवले असते.

तथापि याच ध्वनिमुद्रिकेत ‘ओर्मुरिन लांगी’ हे फेरोई भाषेतील कथागीत आहे. फेरोत अशी गीते वाद्याशिवाय गातात. स्त्रीपुरुष हातात हात गुंफून साखळी करतात, एकजण कडवे उचलतो, ध्रुपद सारे घेतात आणि जमिनीवर आपटणारी पावले हाच ताल. टीरच्या गिटारांनी त्या पावलांचे वजन उचलले आहे. चाल तीच, भाषा तीच. ज्याला यात केवळ गोंगाट ऐकू येतो, त्याने मूळ नृत्य ऐकलेले नाही, एवढेच मी म्हणेन.

आता शुद्धतेचा प्रश्न. हे ‘प्राचीन’ गीत येन्स क्रिस्तियन जुरहूस नावाच्या शेतकरी कवीने एकोणिसाव्या शतकात रचले. विषय इ. स. १००० च्या सुमारास झालेल्या आरमारी लढाईचा, आणि नायक नॉर्वेचा ओलाफ राजा, ज्याने ख्रिस्ती धर्माचा सक्तीने प्रसार केला. त्याच ध्वनिमुद्रिकेत जुन्या देवांच्या हातोड्याचाही जयजयकार आहे! वारसा असा सरमिसळच असतो. सोवळ्यात ठेवलेला वारसा मला तरी कोठे आढळला नाही.

शिंगांची शिरस्त्राणे विकणारा बाजार या पुराणांभोवती उभा राहिला आहे, हे मी नाकारत नाही. व्हायकिंग लढवय्ये तशी शिरस्त्राणे घालतच नसत. टीरचीही त्या ध्वनिमुद्रिकेतील बहुतेक गाणी इंग्रजीत आहेत. परंतु वृंदाला प्रथम नाव मिळवून दिले ते मूठभरांच्या भाषेतील या एका गीताने. शेजारच्या आइसलंडमध्ये ते विलक्षण गाजले.

या भाषेवर काय वेळ आली होती, हेही पाहावे. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर चर्च, न्यायालय आणि कारभार डॅनिश भाषेत गेला. फेरोईची लेखनपद्धती ठरली १८४६ साली, आणि मुख्य भाषेचा दर्जा मिळाला १९४८ च्या स्वराज्य कायद्याने. मधल्या शतकांत ती जगली घराघरांत आणि नृत्याच्या रिंगणात. ग्रंथसंग्राहक नंतर आले. आधी गाणारे होते.

आपण येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलो. मंडळाच्या काचेच्या कपाटांत ग्रंथ सुखरूप आहेत, परंतु आपली नातवंडे आजोबांना उत्तर कोणत्या भाषेत देतात, हे प्रत्येकाने स्वतःशीच आठवावे. छत्तीस वर्षे सरकारी दप्तर सांभाळलेला माणूस म्हणून एक अनुभव सांगतो. ज्या फायलीला कोणी हात लावत नाही, ती सर्वांत नीटनेटकी असते आणि वाळवी तिलाच प्रथम लागते. विटंबना म्हणायचीच तर तिला म्हणावे.

त्या तरुणाची कल्पना कदाचित फसेल, कदाचित कानांना बोचेल. पण पोवाड्याचे शब्द त्याला पाठ करावे लागतील. सबब, हा विषय पुढील बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर पुन्हा घ्यावा, असा माझा लेखी प्रस्ताव आहे.