‘सार’ म्हणजे चारच

विरारच्या फुलपाड्यात आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या आजी मूळच्या आगाशीच्या. परवा गावाहून आलेली सुकेळी वाटत होत्या. नातवाला म्हणाल्या, “सार घे.” सून आतूनच ओरडली, “आई, चार म्हणा ना! शाळेत हसतात त्याला.” नातवाने मुकाट्याने चार सुकेळी उचलली. त्याला बरोब्बर कळलं होतं.

आजींची ही बोली वाडवळी. वाडवळी म्हणजे बिघडलेली मराठी, हा समज शिकलेल्या घरांतच जास्त मुरलाय. अहो, बिघाडाला नियम नसतो; इथे तर आहे. ‘च’ सरकून ‘स’ होतो, ‘स’ सरकून ‘ह’. ‘सिंधू’चा ‘हिंदू’ झाला तो असाच, आणि तो उच्चार सुधारायला अजून कुणी निघालेलं नाही. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (1905) वाडवळी, सामवेदी या मराठीच्या बोली म्हणूनच नोंदल्या आहेत. 2024 च्या ऑक्टोबरात मराठी अभिजात ठरली तेव्हा आपण पेढे वाटले. ते जुनेपण काय फक्त पुण्याच्या पेठांत साठवलेलं होतं?

मग भवितव्याचा धाक. बोलीत वाढलेलं पोर म्हणे प्रमाण मराठीत मागे पडतं. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो सामवेदी बोलणाऱ्या समाजातले; 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ते अपवाद म्हणाल. बरं. कॅनडात जेम्स बेच्या क्री लोकांनी 1975 च्या करारातून स्वतःचं शाळामंडळ मिळवलं आणि पुढे लहान वर्गांना क्रीतून शिकवायला घेतलं. आपल्याकडे एवढंही नको. अर्ज, परीक्षा खुशाल प्रमाण मराठीत होऊ द्यात. पहिलीतल्या बाईंनी ‘सार’ ऐकून पोराला उभं करू नये, बस्स.

पण खरा राग आमच्याच लोकांवर आहे, माझ्यासकट. लग्नात गाणी होतात, मोबाइलवर वाडवळीतले विनोद फिरतात, मग बोली मेली कुठे, असं आम्ही विचारतो. हिशेब कुठल्या भाषेत करता? पोराला ताप आला की डोक्यावर हात ठेवून काय बोलता? मी स्वतः विरार स्टेशनचा जिना चढेपर्यंत वाडवळ असतो. गाडीत शिरलो की माझा ‘च’ आपोआप ताठ होतो.

काल आजींकडे पुन्हा गेलो. सून घरातच होती. नातवाने विचारलं, “किती घेऊ?”

आजींनी चार बोटं दाखवली.