ऐकायला लावणारा पियानो

एखादा कलावंत गेला की मागे काय उरले, याचा हिशेब आपण बहुधा त्याच्या शिष्यांवरून मांडतो. आपल्याकडे तर घराण्याची वंशावळ तोंडपाठ असल्याशिवाय रसिक म्हणवून घेता येत नाही. अमेरिकन जॅझ पियानोवादक बिल एव्हान्स १५ सप्टेंबर १९८० रोजी न्यूयॉर्कमध्ये वारला, अवघ्या ५१ व्या वर्षी. त्याच्यापासून शिकलेल्यांची रांग मोठी आहे. हर्बी हॅन्कॉक, कीथ जॅरेट यांच्यासारखी मातबर मंडळी तीत आहेत. पण ज्याला पियानोची एक पट्टीही धड दाबता येत नाही, अशा माझ्यासारख्यावरचे त्याचे ऋण कोणत्या खात्यात लिहायचे? माझ्या मते, खरी जमा तीच.

एव्हान्सचे नाव न ऐकलेल्यांनीही त्याचा पियानो ऐकलेला असू शकतो. माइल्स डेव्हिसच्या १९५९ सालच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या विख्यात ध्वनिमुद्रिकेतल्या पाचपैकी चार रचनांत तो आहे. मात्र त्याची खरी ओळख हवी असेल, तर २५ जून १९६१ कडे जावे लागते. तो रविवार होता. न्यूयॉर्कमधल्या ‘व्हिलेज व्हॅन्गार्ड’ या तळघरातल्या छोट्या क्लबात एव्हान्स, बासवादक स्कॉट लाफारो आणि ड्रमवादक पॉल मोशन हे तिघे दुपारी दोनदा आणि रात्री तीनदा वाजवायला बसले. ते सारे ध्वनिमुद्रित झाले.

त्यात नवे काय होते? पियानो पुढे आणि बाकीचे मागे, हा त्रिकुटाचा रूढ रिवाज. एव्हान्सने तो मोडला. डाव्या हाताच्या स्वरसंघातला मूळ स्वर तो पुष्कळदा गाळी आणि ती जागा बासला मोकळी ठेवी. तानपुऱ्याने षड्ज धरलेला असला की गवयाला घडोघडी त्यावर येऊन बसावे लागत नाही, तसाच काहीसा हा प्रकार. फरक एवढाच की लाफारोचा बास तानपुऱ्यासारखा एका जागी राहत नाही. तोही गाऊ लागतो. आपल्या शब्दांत सांगायचे तर तिथे साथ संपते आणि संवाद सुरू होतो.

अकरा दिवसांनी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. वय २५. त्यानंतर एव्हान्सने कित्येक महिने जाहीर वादन केले नाही. त्या दिवसाच्या ध्वनिमुद्रणातून पहिली तबकडी निघाली, तेव्हा लाफारोचे काम उठून दिसेल अशाच रचना निवडल्या गेल्या. सुरुवात त्याच्या रचनेने, शेवटही त्याच्याच रचनेने. श्रद्धांजलीची भाषणे मी पुष्कळ ऐकली. इतकी नेमकी एकही नाही.

त्या ध्वनिमुद्रणात आणखी एक गोष्ट ऐकू येते: पेल्यांची किणकिण, टेबलांवरच्या गप्पा, मध्येच कुणाचे हसू. समोर हे घडत असताना लोक गप्पा मारत होते! पण तिघे वाजवणारे एकमेकांचे ऐकत होते. बँकेच्या काउंटरवर बसलेल्यांना याची किंमत कळेल. दहा माणसे एकदम बोलत असतात आणि त्यांतल्या एकाचे नीट ऐकायचे असते. कादंबरी लिहिताना पात्राला बोलू देण्यासाठी लेखकाने कधी गप्प बसावे, हेदेखील मी समीक्षाग्रंथांपेक्षा या तबकडीतून अधिक शिकलो.

एव्हान्सविषयी बोलताना त्याच्या व्यसनाला हटकून एक काव्यमय झालर लावली जाते. हेरॉइनने त्याची उमेदीची वर्षे खाल्ली, अखेरच्या काळात कोकेनने उरलेसुरले नेले. त्या दुःखातून संगीत आले, असे म्हणणे मला मान्य नाही. संगीत आले ते मेहनतीतून आणि कानातून. व्यसनाने फक्त पुढची वर्षे हिरावून नेली. मरणाऱ्याच्या आजारपणाला त्याची कला समजण्याची हौस आपण सोडली पाहिजे.

आणि आणखी एक सवय सोडावी. आज एव्हान्स ज्या त्या कॉफीच्या दुकानात, हॉटेलच्या लॉबीत हलक्या आवाजात वाजत असतो. अभ्यासासाठी, झोपेसाठी म्हणून फोनवरच्या याद्यांत त्याची वर्णी लागते. म्हणजे १९६१ च्या त्या टेबलांवरच्या गप्पा अजून संपलेल्या नाहीत. वाजतो पुष्कळ, ऐकला जातो थोडा. कलावंताचा प्रभाव टिकतो तो वाजत राहण्याने नव्हे. कुणीतरी हातातले काम ठेवून बसते, तेव्हा टिकतो.

त्याला फार काही लागत नाही. पाऊण तास, एक खुर्ची आणि फोन दुसऱ्या खोलीत. पहिल्या खेपेस फक्त पियानो ऐकावा, दुसऱ्या खेपेस फक्त बास. तिसऱ्या खेपेस दोघे एकमेकांना काय म्हणतात, ते आपोआप ऐकू येऊ लागते.