सहा मैलांची रोषणाई

करमणूक हा शब्द आपण फार हलक्या हाताने वापरतो. नाटक, सिनेमा, जत्रा, तमाशा हे सारे पोट भरल्यानंतरचे चोचले, अशी आपली समजूत. पण नवी सून माहेरच्या पत्रात ‘इथं मला करमत नाही’ असे लिहिते, तेव्हा ती चोचल्यांविषयी लिहीत नसते. या गावात आपला जीव रमेल का, एवढेच तिला विचारायचे असते. करमणूक ही त्याच ‘करमण्या’ची लेक! या दिव्यांच्या सणात आठवण होते ती हा प्रश्न मनावर घेतलेल्या एका विलायती गावाची.

ब्लॅकपूल हे इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरचे गाव. १८४६ मध्ये तेथे आगगाडी आली आणि तिच्यामागून आले लँकेशायरच्या कापडगिरण्यांतले कामगार. तिकडे ‘वेक्स वीक’ नावाची प्रथा होती. वर्षातून एक आठवडा गावातल्या साऱ्या गिरण्या बंद! कितीतरी वर्षे ही सुट्टी बिनपगारीच होती. कामगार वर्षभर पैपैसा बाजूला टाकत आणि बायकापोरांसह समुद्र गाठत. प्रत्येक गावाचा आठवडा निराळा, त्यामुळे ब्लॅकपूलला उन्हाळाभर गर्दी. आपल्या गिरणगावचा माणूस शिमग्या-गणपतीला कोकणात धावे, तसेच हे. मुंबई आणि लँकेशायर कापडाच्या बाजारात एकमेकांचे वैरी. पण साच्यावर उभे राहून दुखणारे पाय दोन्हीकडे सारखेच!

या पाहुण्यांसाठी गावाने काय केले? समुद्रात शिरणारे तीन धक्के बांधले. पावसाचा भरवसा नाही, म्हणून १८७८ मध्ये ‘विंटर गार्डन्स’ हे छपराखालचे विहारस्थान उघडले. १८९४ मध्ये ५१८ फुटांचा मनोरा उभा राहिला. आत शिरायला सहा पेन्स, वर जायला आणखी सहा, सर्कशीला आणखी सहा. पुढे त्या मनोऱ्याच्या पोटात राजवाड्याला लाजवील असे नृत्यगृह झाले आणि त्यात सूत कातणाऱ्या पोरी नाचल्या.

आणि दिवे! १८७९ मध्ये गावाने समुद्रकाठच्या रस्त्यावर विजेचे आठ प्रखर दिवे लावले. १९१२ मध्ये एका राजकन्येच्या आगमनानिमित्त सुमारे १०,००० दिव्यांची आरास झाली. ती लोकांना इतकी आवडली, की तिचा रिवाजच पडला. महायुद्धांनी दिवे विझवले; दुसऱ्या युद्धानंतर ते १९४९ मध्ये पुन्हा लागले. आज ही रोषणाई जवळजवळ सहा मैल पसरते. ऑगस्ट सरताना, उन्हाळी पाहुणे परतू लागतात तेव्हा ती सुरू होते. त्यात व्यवहार आहेच. हंगाम लांबला, की खानावळवाल्या बाईच्या चुलीवर आणखी काही आठवडे भांडे चढते. पण रस्त्यावर उभे राहून पाहणाऱ्याला तिकीट नाही.

पुढे दिवस फिरले. गिरण्या बंद पडल्या, स्वस्त विमाने लोकांना स्पेनच्या उन्हात नेऊ लागली. १८९४ चे ‘ग्रँड थिएटर’ १९७२ मध्ये पाडायला निघाले, तेव्हा नाट्यप्रेमी नागरिक आडवे आले. १९८१ मध्ये त्याचा पडदा पुन्हा वर गेला. २०१० मध्ये मनोरा आणि विंटर गार्डन्स नगरपालिकेनेच विकत घेतले. २०१९ च्या सरकारी पाहणीत मात्र हे गाव इंग्लंडमधल्या सर्वांत वंचित गावांत मोडले.

मग घरात दारिद्र्य असताना दिव्यांचा सोस कशाला, असे कुणी विचारील. प्रश्न खोटा नाही. दिव्यांनी कुणाचे आजारपण हटत नाही, की गळके छप्पर शाकारले जात नाही. पण दुष्काळाच्या वर्षीही आपली आई उंबऱ्यावर एक पणती लावतेच ना? ती काही श्रीमंतीचा देखावा करीत नसते. हे घर अजून नांदते आहे, एवढेच सांगत असते.

आपल्या गिरण्यांच्या जागी मोठमोठी दुकाने आली. तिथे दिव्यांना तोटा नाही. पण खिशात हात न घालता तासभर बसायचे म्हटले, तर जागा शोधावी लागते. गावोगावची नाट्यगृहे, वाचनालये, बागा यांचा विषय निघाला, की पैशाची अडचण पुढे येते. ती खरीही असेल. पण राबणाऱ्या माणसाला ज्या गावात करमत नाही, ते गाव त्याचे कसे होणार?