हात धरणारी खाला

आमच्या मोहल्ल्यात एक खाला होत्या. कुणाच्या घरी बाळंतपण जवळ आलं की त्यांना बोलावणं जायचं. त्या दाई नव्हत्या. आत हात घालून तपासणं, नाळ कापणं, यातलं त्या काहीच करत नसत. कंबर चोळायच्या, घोट घोट पाणी पाजायच्या, कळ आली की हात धरून बसायच्या. आज शहरात हेच काम शिकून, फी घेऊन करणाऱ्या बाईला 'डूला' म्हणतात. शब्द ग्रीक आहे, मूळ अर्थ सेविका.

माझ्या धाकट्या बहिणीला कळा सुरू झाल्या तेव्हा खाला रात्रभर तिच्या उशाशी होत्या. पहाटे पाणी गेलं, ते हिरवट होतं. घरातली वडीलधारी मंडळी म्हणाली, "थोडं थांबू, घरीच मोकळी होईल." खाला उठल्याच. "इथून पुढचं माझं काम नाही. रिक्षा बोलवा." बाळानं पोटातच शी केली की पाणी हिरवट होतं; बाळ त्रासात असल्याची ती खूण असू शकते. दवाखान्यात सिझर झालं. तो भाचा आता सहावीत आहे.

मला डूलाचं मोठेपण आणि तिची मर्यादा, दोन्ही त्या एका वाक्यात दिसतात.

सोबतीचा उपयोग होतो, ही नुसती भावना नाही. 2017 च्या कॉक्रेन आढाव्यात 26 चाचण्या आणि 15 हजारांहून अधिक बाळंतिणी होत्या. ज्यांना सतत सोबत मिळाली, त्यांच्यात नैसर्गिक बाळंतपणाचं प्रमाण जास्त आणि सिझरचं कमी दिसलं; कळांचा काळही थोडा घटला. पण रक्तस्राव थांबवणं, बीपी वाढल्यावर औषध देणं, सिझर हवं की नको हे ठरवणं तिचं काम नाही. "डॉक्टर उगाच घाबरवतात" असं म्हणून बाईला अडवणारी सोबत धोक्याचीच. तिनं बाईला प्रश्न विचारायचा धीर द्यावा, बाईच्या वतीनं उत्तर देऊ नये.

आणि ही सोबत फक्त फी परवडणाऱ्यांसाठी का असावी? सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीजवळ एक बाई राहू शकते, असं केंद्र सरकारनं 2016 मध्येच ठरवलं आहे. ती स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा, तिनं कर्मचाऱ्यांच्या कामात अडथळा आणू नये, एवढ्या साध्या अटी आहेत. तरीही आपल्या कित्येक मुली लेबर रूममध्ये एकट्याच ओरडत असतात आणि अम्मी दाराबाहेर दुआ करत उभी असते. कारण नियम आहे, हेच घरच्यांना ठाऊक नसतं.

तेव्हा नाव नोंदवायला जाल त्या दिवशीच विचारा, "सोबत कोण राहू शकेल?" आणि माणूस निवडताना एवढं बघा: तिला हात धरता यावा, आणि वेळ आली की तो सोडून डॉक्टरला हाक मारताही यावी.