फराळ आणि पायातली कुत्री
दिवाळीआधी पुण्याच्या मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात पाय ठेवायला जागा नसते. ज्यांना दगदग नको, त्यांच्यासाठी पूना मर्चंट्स चेंबर ना नफा ना तोटा तत्त्वावर लाडू-चिवडा विकतं. आमच्याकडे मात्र नानकटाईसुद्धा घरचीच. एक ट्रे ओव्हनमध्ये, दुसरा ओट्यावर, वहिनींचे हात तुपात आणि पायात दोन कुत्री, खाली पडेल ते आपलंच या खात्रीनं. (नेपाळात याच दिवसांत, कुकुर तिहारला, कुत्र्यांना टिळा लावून हार घालतात, आमची तशीही स्वतःला देवच समजतात.) चिमूटभर चुऱ्याचं एक वेळ ठीक, पण बेदाणे अजिबात नकोत: त्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. चॉकलेटही विषारीच. तेव्हा लाडू वळताना बेदाण्यांचा डबा उंच फळीवर ठेवा, आणि लाडानं लाडू भरवणाऱ्या पाहुण्यांना दारातच बजावा.